उघडी कूस

आमच्या डोंगरात तार मुलांची, लोकर बायकांची.
सेखोबे सात वर्षांचा असताना
कुंपणाच्या तारेची मोटार वळायचा,
बूटपॉलिशच्या डब्यांची चाकं,
उभ्यानं चालवता येईल एवढं लांब स्टिअरिंग,
आणि मी दारात बसून आईच्या मागासाठी
मोहेरमधली कुसळं वेचायचे.
एकदा मी पक्कड उचलली तेव्हा म्हणाला,
ठेव. बोट जाईल.

आता मासेरूच्या कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला,
न्ताते मोखेथी दोन्ही एकाच टेबलावर टाकतात.
म्हणतात, यांचं भांडण लावून द्या
आणि काय होतं ते वहीत लिहा.

सोमवार. तार ऐकत नाही.
मंगळवार. धागा कोणाचंही ऐकतो, म्हणून त्याच्यावर भरवसा नाही.
गुरुवार. अंगठ्याला दोन टाके. बोट शाबूत.
शुक्रवार. सैल गुंडाळला तर घसरतो,
आवळला तर तार कमरेत वाकते
आणि सगळं मिळून टेबलावर आडवं होतं,
लग्नघरातल्या उशिराच्या पाहुण्यांसारखं.
पुढच्या बुधवारी कधीतरी, कंटाळून,
दोन तारा एकमेकींत पिळल्या, मधे केसांचा झुबका राहून गेला.
ओढून पाहिला.
सुटेना.
पीळ दोघांनाही कळतो तर.

मी शेळी करायला बसले नव्हते.
पण त्या केसांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं.
पाठ आली, मग मान,
मग ते कानांचं खाली लोंबणं,
आणि मला तेयातेयानेंगच्या वरची ती रात्र आठवली,
कातरणीनंतरची तिसरी.
नागड्या शेळ्या, आणि ऑक्टोबरात बर्फ.
सेखोबे अकरा वर्षांचा, गोठ्यात एकटा.
त्याच्याकडे घोंगडं एकच होतं.
सकाळी एक शेळी उभी होती, घोंगडं पांघरून,
बाकी अकरा नव्हत्या.
तो उभीकडे बघत नव्हता.

हे वहीत लिहिलं नाही.

उजवी बाजू भरली आणि मोहेर संपलं.
डावीकडे नुसती तार, बरगड्यांसारखी,
आरपार खिडकीतलं पार्किंग दिसायचं.
आणखी लोकर घ्यावी तर जेवणाच्या पैशांतून,
न घ्यावी तर अर्धीच शेळी;
तीन आठवडे ते भिजत घोंगडं तसंच पडून राहिलं.
न्ताते मोखेथींनी भोवती दोन फेऱ्या मारल्या.
थांब, म्हणाले. आता हात लावू नकोस.
ही उघडी कूस बोलते.
मी मान हलवली.
मोहेर संपलंय हे सांगायची ती वेळ नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी सेखोबे आला,
गमबूट, खांद्यावर पिन लावलेलं घोंगडं,
काठी त्यानं वॉचमनकडे ठेवायला दिली होती
आणि तिची काळजी करत होता.
आधी त्यानं पाय पाहिले.
मागचा डावा असा नसतो, म्हणाला,
आणि पक्कडीशिवाय, दोन बोटांनी, किंचित वाकवला.
शेळीनं भार बदलला.
खरंच बदलला. माझ्या शेजारची मुलगी मागे सरकली.
मग तो डाव्या बाजूला गेला
आणि तिथेच उभा राहिला.
लोक येत होते, वाकून आरपार बघत होते,
कोणीतरी अवकाश असा शब्द वापरला.
सेखोबेनं खांद्यावरची पिन काढली.
घोंगडं तिच्यावर टाकलं, मानेपासून शेपटीपर्यंत,
कडा नीट आत खोचल्या.

इथून वारा लागतो, म्हणाला.

आणि शेवटची टॅक्सी गाठायला गेला,
जुलैच्या संध्याकाळी, नुसत्या शर्टावर.

न्ताते मोखेथी बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग कागद पुढे केला: साहित्याची नोंद पुरी कर.
तार, मोहेर, असं आधीच लिहिलेलं होतं.
खाली लिहिलं: एक घोंगडं, उसनं.

पिन मात्र तो घेऊन गेला.
तार होती ना ती.