एक वीत

तोरगायरनं चार पोलादी खांब खडकात रोवले,
लाल प्रायमरचे दोन दोन हात दिले.
वेल्डिंगच्या ठिणग्या फ्योर्डवर विझेपर्यंत
मी खिडकीतून मोजत राहायचे.
मग सळ्यांची जाळी, मग काँक्रीट.
रात्री ते गोठू नये म्हणून
आमच्याच पलंगावरच्या गाद्या त्यावर.
आम्ही तीन रात्री फरशीवर.

जिन्याचं माप मार्चमध्ये घेतलं.
टाचेखाली घट्ट लागलं, तीच जमीन धरली.
बारा पायऱ्या,
लेव्हलचा बुडबुडा अगदी मधोमध.

मेमध्ये बर्फ गेला
आणि जिना हवेतच थांबला,
जमिनीपासून एक वीत वर.

बराच वेळ तो तिथं उकिडवा बसून.
त्या फटीतून शेजारच्या ऑडबियर्गचं मांजर
इकडून तिकडं गेलं,
पुन्हा आलं.
मी काही बोलले नाही.
किनाऱ्यावरचा एक चपटा दगड
ढकलगाडीत घालून आणला, खाली सरकवला.

"तात्पुरता," तो म्हणाला.

अकरा वर्षं झाली.
पोस्टवाली डिसेंबरच्या अंधारातसुद्धा
तेरावी पायरी न बघता धरते.
तोरगायर मात्र अजून
दगड ओलांडून उतरतो,
आणि दर खेपेला
जरासा अडखळतो.