अनामत

टेम्पो सकाळीच गेला लातूरला.
वृंदा त्याआधीच, बदलीची ऑर्डर पर्समध्ये घालून, जूनमध्ये.
धनकवडीच्या या दुसऱ्या मजल्यावर आता मी,
एक बादली, केरसुणी, दोन जुने बनियन
आणि लिंबूसत्त्वाची पुडी.

करारनाम्याच्या शेवटी खाजगीवाल्यांनी
स्वतःच्या हाताने लिहिलं होतं :
भिंतीला नवीन खिळे मारू नयेत. आहेत ते वापरावेत.
सहा वर्षं आम्ही आहेत तेच वापरले.
म्हणून कॅलेंडर बाथरूमच्या दाराशी
आणि आरसा इतका उंच
की वृंदा रोज टाचा उचलून टिकली लावायची.
मला हे आज सकाळी कळलं,
आरसा उतरवताना
माझ्या टाचा जमिनीवरच राहिल्या तेव्हा.

नळांवर बोअरचं पाणी दगड होऊन बसलंय.
फोन लावला.
"अर्धा तास भिजू दे," ती म्हणाली,
"लगेच घासायला जाऊ नकोस. तुझं सगळं लगेच असतं."
मागे तिच्या ऑफिसात कुणीतरी शिक्के मारत होतं, ठप्, ठप्.
मी पालथ्या बादलीवर बसलो.
स्वयंपाकघरात सलग अर्धा तास,
पहिल्यांदाच.

मग ओट्यामागची फट.
सुरीच्या टोकाने काढत गेलो :
मोहरी, मोहरी, अर्धा शेंगदाणा,
लायटरची स्प्रिंग,
मोहरी.
किती फोडण्या.
हाताच्या ओंजळीत घेतल्या तर
ओंजळ भरली नाही, पण
झटकून टाकायलाही वेळ लागला मला.

ट्रॉलीखाली घडी घालून घालून
सुपारीएवढं केलेलं पीएमटीचं तिकीट,
स्वारगेट ते कात्रज.
मी एकदा म्हणालो होतो, बघ,
ट्रॉली वाजायची थांबली आपोआप.
ती "हो ना" म्हणाली होती.

सिंकखालच्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूने,
निळ्या पेनात टँकरवाल्याचा नंबर,
आमच्या आधीच्या बिऱ्हाडाचा.
त्याखाली वृंदाचं अक्षर :
हा उचलत नाही. वॉचमनच्या भावाला सांगणे.
ओल्या बनियनने पुसायला घेतलं,
निळा रंग जरा पसरला. थांबलो.
खाजगीवाले कपाट आतूनही बघतील?
बघतील. वाकून, चष्मा लावून.
तरी ठेवलं.
खाली पेन्सिलने लिहिलं,
गीझरचं बटण दोनदा दाबावं लागतं.
सहा वर्षांत मला ठाऊक झालेलं
तेवढंच होतं.

शेवटी फरशी.
आतून बाहेर, उलटं उलटं सरकत,
बेडरूम, हॉल, चपलांचा कोपरा,
मी उंबऱ्याबाहेर आलो, पाठ धरलेली.
केरसुणी नव्या घरी न्यायची नसते म्हणे,
ती जिन्यात उभी केली.
घर असं लखलखत होतं
की बघायलाही परकं वाटावं.
आणि किल्ल्या
पलीकडे, ओट्यावर.

खालच्या पायऱ्यांवर खाजगीवाल्यांची काठी वाजू लागली.
(अनामतीतून रंगाचे पैसे ते कापणारच आहेत.
ते छापील कलम आहे,
त्यावर हस्ताक्षरात काही बोलता येत नाही.)

ओल्या फरशीवरून गेलो, टाचा उचलून.
किल्ल्या घेतल्या.
आलो, टाचा उचलून.
वळून पाहिलं :
अर्ध्या अर्ध्या पावलांची रांग, जाणारी, येणारी,
नुसती बोटं आणि चवडे.
माझीच, पण
माझी वाटत नव्हती.

पुसायला बनियन पिळला.
मग तसाच खांद्यावर टाकला.

काठी पहिल्या मजल्यावर थांबली.
"झालं का हो?"
"अर्धा तास," मी कठड्यावरून म्हणालो,
"वाळतंय अजून.
लगेच नका येऊ."