हेड

शेहेचाळीस डिग्रीला नागपुरात
माणसाचं डोकं तडकतं, हे ऐकून होते.
जीपचंही तडकलं.
दोन आणि तीन नंबरच्या मधोमध केसाएवढी चीर,
रेडिएटरात बुडबुडे, सायलेन्सरातून पांढरी वाफ.

बाबांनी ती कामठीच्या लिलावात घेतलेली,
मनसरच्या खाणीत बावीस वर्षं फिरवलेली.
सीट उचलली की अजून मँगनीजची काळी पूड.
भाऊ म्हणाला, वर्धा रोडच्या हॉटेलवाल्याला देऊन टाक,
दारात उभी करील, बॉनेटवर झेंडूच्या कुंड्या ठेवील.
देते, म्हटलं. पण चालती देते.

हेड कुठे मिळेना.
दिल्लीहून एक आलं, तेही आधीच कुणी डागलेलं.

मग गड्डीगोदामात दशरथ बावणे.
लाकडी फर्मे करणारे शेवटचे, असं ते स्वतःच सांगतात.
(दुसरे शेवटचे पलीकडच्या गल्लीत बसतात.)
त्यांनी जुनं हेड पालथं घातलं,
चारही खळगे अंगठ्यानं चाचपले.
"पोरी," म्हणाले, आणि मी एकोणसाठची,
"फर्मा जरा मोठाच करा लागते.
धातू थंडा होता होता आकसते. शंभराले सव्वा."
त्यांच्याजवळ त्यासाठी वेगळी पट्टी आहे,
तिच्यावरचा प्रत्येक इंच थोडासा खोटा,
म्हणून शेवटी माप खरं येतं.

मोमिनपुऱ्यातून शफीभाईंकडून बारा किलो जुने पिस्टन.
बुलेटचे, ट्रॅक्टरचे,
एक अॅम्ब्युलन्सचा. तो त्यांनी वेगळा काढून दाखवला
आणि त्याच वजनात टाकला.

हिंगण्याला भट्टी हरबाजी निखाऱ्यांची.
आडनावावर कुणी हसायच्या आत ते हसून घेतात.
कन्हानची वाळू, त्यात काकवी,
मुठीत दाबायची, मूठ उघडायची,
बोटांचे ठसे राहिले तर जमलं.
त्याचा गाभा केला, भाजला, साच्यात अलगद ठेवला.
जिथून पाणी फिरायचं तिथं आधी वाळू.
भोवती धातू ओतायचा,
मग तीच वाळू ठोकून, तारेनं खरवडून
कणन् कण बाहेर काढायची.
तीस वर्षं मी कॉलेजच्या लॅबमध्ये काचा धुतल्या,
गाभा म्हणजे शेवटी रिकामी राहायची जागा
हे कुणी सांगितलं नव्हतं.

पहिला ओत वाया गेला.
आत रॉकेल भरलं, बाहेरून खडू फासला,
दहा मिनिटांत पांढऱ्यावर ओले ठिपके,
अंगावर देवी याव्या तसे.
हरबाजी बराच वेळ गप्प.
मग पोराला, "वलं राह्यलं असन ना बे कुठीतरी."
मग मला, "फोडा बाई. पुन्हा इतळते ते.
बीडासारखं रुसून नाही बसत."

दुसरा ओत पहाटे चारला, ऊन चढायच्या आत.
मूस कललेली, आणि कुणीच खोकलं नाही.

चार खळग्यांत सिरिंजनं तेल मोजलं.
तीन सारखे. चौथ्यात दीड सीसी कमी.
त्याला दोन रात्री कानशीनं समजावलं.

नट पंधरा. मधल्यापासून सुरुवात, मग बाहेर बाहेर,
एका दमात नाही, तीन फेऱ्यांत.
हात थरथरत होते, पान्याला ते कळत नव्हतं.

सुरू झाली.
आवाज बाबांच्या जीपचा नव्हता.
वरच्या पट्टीतला, थोडा घाईतला,
मुंज झालेल्या पोरानं उगाच मोठ्यानं बोलावं तसा.
भाऊ फाटकाशी उभा. "ही दुसरीच गाडी वाटते," म्हणाला.
"हॉटेलवाल्याचा फोन?"
"आला होता," म्हणाला,
आणि टपावरचा कोळिष्टक झाडून मागे बसला.

कोराडीपर्यंत गेलो, परतलो.
खाली वाकून पाहिलं तर पाण्याचा एक थेंब.
पुसला. पुन्हा आला.
बघू उद्या.

जुनं हेड आता मागच्या दाराला टेकवते,
दुपारी झळा सुटल्या की
दार आपटत नाही.