चार जीबी पाण्यासाठी

चोडणच्या कूळ संघात एकच संगणक.
दोन जीबी रॅम, खोकणारा पंखा,
कळफलकावरची एनची कळ रुसलेली.
बांधांचा नकाशा उघडला
की मानशीच्या पावणीची वही गोठते,
वही उघडली की नकाशा.
दोघांत एकच खुर्ची.

लोचनबाई म्हणाल्या, नवा घ्यायचा तर ठराव लागतो,
ठरावाला सभा, सभेला कोरम.
आहे त्यातच काय ते बघा.

म्हणून मी रायबंदरहून फेरीबोटीने आलो,
खिशात पेनड्राइव्ह, पोटात नुसता चहा.

डिस्क एकशे साठ जीबी, अर्ध्याहून जास्त ओसाड.
तिच्या टोकाचा तुकडा कापायचा
आणि नेमून द्यायचा: ही स्वॅप.
रॅम भरली की आत्ता नको असलेलं
इथे आणून ठेवायचं,
लागलं की परत न्यायचं.
इथे फाइल नाही, फोल्डर नाही,
कुणाचं नाव नाही.

कायतान मानशीची दारं सांभाळतो.
टॉर्चला सेल मागायला आला आणि बाकावर टेकला.
"इतली जागा फुकट?"

मी समजावू लागलो. त्याने मला अर्ध्यात अडवलं.
"पोंय," म्हणाला.
बांधाच्या आत, शेतांपेक्षा खोल,
पाण्यालाच सोडलेली जमीन.
भरती आली की मानशीतून शिरलेलं पाणी
तिथे जाऊन बसतं, भातात शिरत नाही.
तिथे कुणी रोप लावत नाही.
एका वर्षी एकाने लावलं होतं, म्हणाला,
आणि पुढे काही बोललाच नाही.

आता धोक्याची जागा.
दुसऱ्या पार्टिशनवर सगळ्या वह्या,
तिसरं माझं, नवं.
मधे फक्त एका आकड्याचं अंतर,
आणि हा हुकूम विचारत नाही
खात्री आहे का म्हणून.
मी तीनदा वाचलं.
लोचनबाईंना मोठ्याने वाचायला लावलं.
"तीन," त्या म्हणाल्या, "तीनच आहे हो."
एंटर.

एवढंच. आवाजसुद्धा नाही.
पडद्यावर छत्तीस खुणांची एक ओळख उमटली,
जुन्या सातबाऱ्यापेक्षा लांब.
मग स्वॅपऑन. शेवटचा एन
अंगठ्याने, जोर लावून.

ती ओळख आणखी एका फाइलीत लिहून ठेवायची,
दर सकाळी यंत्राला दार आपोआप सापडावं म्हणून.
एक खूण चुकली
तर उठल्या उठल्या दीड मिनिट
न येणाऱ्या कुणाची तरी वाट बघत बसेल.
मी बोट ठेवून ठेवून तपासली.

नकाशा उघडला. वही उघडली.
लोचनबाईंनी हट्टाने भरती-ओहोटीचं कोष्टकही उघडलं.
डिस्कचा दिवा लुकलुकला,
आतून किरकिर आली,
बाण अडखळला,
चालला.
स्वॅप: तीनशे अकरा एमबी वापरात.

"सवकास चलता," कायतान म्हणाला.
डिस्क ती, रॅम नव्हे, मी म्हटलं.
"पोंयीतलं उदक धांवना," त्याचं उत्तर.

थोड्या वेळाने त्याने विचारलं,
"आनी लायट गेली जाल्यार?"
गेलं सगळं.
म्हणजे असतं तिथेच,
पण कुणाचं, कशातलं,
हे कुणालाच सांगता येत नाही.

तो विचारात पडला.
"आमच्या पोंयीत मासे उरतात.
ओहोटीला दार उघडायचं, तोंडाला जाळं धरायचं.
पावणी त्याचीच.
तुज्या पोंयीत नुस्तें ना?"
नाही.
"मागीर पावणी कोण घेतलो?"

मला उत्तर सुचलं नाही.
त्याला माझी कीव आली असावी,
सेल घेऊन उठताना
खांद्यावर हात ठेवून गेला.

लोचनबाईंनी साडेतीनशे रुपये मोजले,
व्हाउचर काढलं, पेन झटकलं.
कामाच्या रकान्यात काय लिहू?
मी स्वॅप म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मग बाहेर, बांधावरून जाणाऱ्या कायतानकडे,
आणि आपल्या गोल अक्षरात लिहिलं:
मोकळी जागा सोडणे,
नग एक.