सौम्य

बेटांवरच्या लोकांचे निरोप
एदुविना रेडिओवर वाचायची, सकाळी सात, दुपारी एक.
"केउई बेट, आर्तेमिओ यांना: बोट गुरुवारी. मेंढ्या बांधून ठेवा."
"आलाओ बेट: मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."
काचेपलीकडून मी तिचा आवाज
वरखाली करायचो. पोटापाण्याचं काम.

त्या हिवाळ्यात बटण वर नेता नेता
शेवटाला टेकलं.
घसा बसलाय, म्हणाली. मध, लसूण, गुळण्या.
पण बसलेला घसा कधीतरी उठतो.
मग दोन वाक्यांच्या मधे
एक बारीक शिट्टी येऊ लागली,
फटीतून वारा शिरावा तशी.
मी यंत्र उघडलं, तारा बदलल्या.
यंत्रात काही नव्हतं.

पुएर्तो माँतच्या फेरीवर
एक जिना चढायला ती तीनदा थांबली.
नळी आत गेली. पडद्यावर
स्वरतंतूंवर फुलकोबी फुटलेली,
मधली वाट सुतळीएवढी.
डॉक्टर काही बोलले नाहीत.
त्यांच्या न बोलण्याला
आम्हीच नाव दिलं, मनातल्या मनात,
आणि एकमेकांकडे पाहिलं नाही.

रात्रीच कापलं. श्वास मोकळा झाला.
तुकडा तपासायला गेला.
अकरा दिवस बोलायची मनाई;
पाटीवर तिनं लिहिलं:
"कोंबड्या मिर्ताला. नऊ आहेत."

अहवालात एकच शब्द: सौम्य.
विषाणू. चामखीळच, बोटावर येते तशी,
फक्त जागा चुकलेली.
माझा जीव भांड्यात पडला.
तिनं पाटी पुसली, लिहिलं:
"सौम्य? मग जिना?"

डॉक्टर हसले, पहिल्यांदाच.
मारायला नाही आला, म्हणाले, राहायला आलाय.
पण पथारी दारातच टाकतो.
पुन्हा वाढेल, पुन्हा कापू.
कधी आला, कोण सांगणार?
कदाचित जन्मताना, आईकडून.

"शिवणयंत्र थोरलीला दिलं,"
पाटीवर अक्षरं दाबून उमटली,
"आणि मला हे."

आता ती पुन्हा वाचते.
आवाज खडबडीत, पोत्यावर हात फिरवावा तसा.
कालचे शेवटचे दोन निरोप तिचेच होते:

"मिर्ता, टेकडीवरची: नऊ दिल्या होत्या.
सात परत आल्या.
दोघींची चव कशी होती, कळव."

"सतरा मार्चला मी नसेन, कापायला जातेय.
निरोप रुपेर्तो वाचेल.
तो अडखळतो.
सांभाळून घ्या."

मी बटण खाली आणलं,
जरा उशिराच.