दोन पाटे जास्त

चोवीस पोती रताळी भरली की
माझी पिकअप मागून बसायची,
डबक्यात म्हैस बसते तशी, कुरकुर न करता.
चाक आणि मडगार्डमध्ये उरायची चार बोटं.
हिंडलग्याच्या चढाला हेडलाइट
रस्ता सोडून चिंचेचा शेंडा दाखवायचा.

अडत्या म्हणाला, छत्तीस बसव, एक खेप वाचते.

ऑटोनगरात ईरण्णा कम्मारचं शेड.
"एष्टु?" त्यानं विचारलं.
छत्तीस बोटांवर दाखवता येईना,
खडूनं बंपरवर लिहिलं.
तो खाली सरपटला. ओंदु, एरडु, मूरु...
पाचव्याला थांबला, गंज फुंकला,
आणि भंगाराच्या ढिगातून एक पाटा ओढला,
कुठल्यातरी मोडक्या लॉरीचा,
कैक घाट उतरून आलेला.

भट्टीत तो शेंदरी झाला.
जमिनीवर खडूनं कमान आखलेली होती,
त्या रेघेवर बसेपर्यंत घण.
मग तेलाच्या पिंपात चर्रर्र,
आणि बराच वेळ नुसता धूर.

यू-बोल्ट आवळून ईरण्णा म्हणाला, "साकु."
मी म्हणालो, अजून एक.
त्यानं हात पुसले, परत मळवले.
"पाटे वाढले. ब्रेक तेवढाच हाय,
ध्यानात ठेव."

दुसऱ्या दिवशी छत्तीस पोती,
आणि गाडी ताठ. जणू मागं काहीच नाही.
आधी ती सांगायची तरी, बस आता.
आता वजनाचं तोंडच बांधलेलं.
उचगाव फाट्याला ब्रेक दाबला
तर थांबली माणूसभर पुढं.
तिथं माणूस नव्हता, एवढंच.

परतीला रिकामी.
मागं हौद्यात काढणीच्या बायका, रोजच्यासारख्या:
गंगव्वा, तानुबाई, शेवंता,
आणि मोनाप्पाची सून, जिचं नाव
मी अजून विचारलेलं नाही.
पाटे जागचे हलेनात.
प्रत्येक खड्डा सरळ वर जायचा,
लोखंडातून फळीत, फळीतून मणक्यात.
सुळग्याजवळ गंगव्वानं डब्यानं केबिन ठोकली.
उतरली. पदर खोचला.
"आमचं चौघींचं वजन
तुझ्या पाट्याला लागतच नाही बघ."
आणि चालायला लागली.

पहिल्या गिअरमध्ये मी तिच्या मागं मागं.
तिनं वळून बघितलं नाही.
मागून बस हॉर्न मारायला लागली,
तेव्हा मी पुढं गेलो.

मग परतीच्या वाटेला सहा पोती वाळू.
कुणाची नाही, कुठं उतरवायची नाही,
भाडं नाही. नुसती गाडी मऊ व्हावी म्हणून.
बायका पोत्यांवर बसायच्या, धक्के कमी लागायचे.
बायको म्हणाली, डिझेल जाळून वाळू फिरवतोस,
लोकांना काय सांगू?
आठ दिवस फिरवली.
गंगव्वा आठही दिवस चालत.

ईरण्णा हसला नाही. हसला असता तर बरं होतं.
बोल्ट ढिले केले, एक पाटा काढला,
माझ्या पायाशी टाकला.
"ह्याचं काय करू?"
मी म्हणालो, खुरपी. चार.
पाट्याचं लोखंड धार धरून ठेवतं,
हे आमच्याकडं पोरालाही ठाऊक.
चौथं पाणी देताना तडकलं.
तीनच निघाली.

आता तीस पोती.
गाडी बसते थोडी, दोन बोटं, जास्त नाही.
अडत्या तोंड वाकडं करतो. करू दे.

तिघींना तीन दिली.
गंगव्वाला सांगायला मी शब्द जुळवत होतो,
तर तीच म्हणाली, असू दे, माझं जुनं हाय.
डबा वर ठेवला,
आणि चढायच्या आधी
मागचं फळकट दोन्ही हातांनी धरून
एकदा खाली दाबून बघितलं.