रविवारी, पावणेसहा

इस्माईल तांबोळींच्या दुकानात
माझ्या खुंटीशेजारी कायम एक हिरवी सायकल टांगलेली असते,
हँडलला जांभळी लोकर गुंडाळलेली.
कुणाची, विचारलं तर म्हणाले, पानसे बाईंची,
गियर बदलताना घाई करतात.
एवढंच.
तेव्हापासून मी पानसे बाईंना ओळखतो.

तसंच भालशंकरांना. रात्रपाळी उरकून
हडपसरहून बिबवेवाडीला येतात,
त्यांची सीट दर महिन्याला एक सूत खाली सरकते
आणि ते कबूल करत नाहीत.
तसाच कॅम्पातला अँसेल्म,
मागच्या चाकाचे स्पोक
नेहमी डाव्याच बाजूचे तोडून आणणारा.
माझ्याबद्दलही त्यांनी काहीतरी ऐकलं असेलच.
काय, ते विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

एकाच पान्यानं आपले नट आवळले गेलेत,
एकाच घमेल्यातल्या पाण्यात
आपल्या ट्यूबांनी बुडबुडे सोडलेत.
याला नातं म्हणत नाहीत, मान्य.
मग काय म्हणतात?

परवा बोपदेव घाटात, तिसऱ्या वळणावर, साखळी तुटली.
त्याचं नवल नाही, साखळ्या तुटतातच.
कठड्यावर बसलो.
खाली येवलेवाडीचे दिवे विझत होते
आणि त्यांच्यावर धुराचा पातळ पापुद्रा, दुधावर धरतो तसा.
‘बघ’ म्हणायला तोंड उघडलं
तर शेजारी फक्त सायकल.

उताराला साखळी लागत नाही, घरंगळत आलो.
उतार संपल्यावर मात्र
भवानी पेठेपर्यंत ढकलत आणली,
आणि तो ‘बघ’ तोंडात तसाच.

म्हणून हे आवतण.
रविवारी, पावणेसहा, खडी मशीन चौक,
चहाच्या गाडीपाशी. गाडी बंद असेल,
मालक साडेसहाशिवाय उठत नाही.
वेग कुणी विचारणार नाही.
पानसे बाई, त्या चढावर बदलायला गियरच उरत नाहीत,
निश्चिंत या.
भालशंकर, तुम्ही पाळीवरून थेट या.
सासवडच्या एसटी स्टँडवर आडवे व्हा तासभर,
एक दिवस तुमच्यासाठी दुसरं कुणी जागं राहू दे.
अँसेल्म, प्रार्थना साडेनऊची असेल
तर चांबळीपासून परत फिरा,
पण चांबळीपर्यंत तरी या.
ज्याला दम लागेल त्यानं पाण्याची बाटली काढून
डोंगराकडे बघत उभं राहावं.
तो डोंगरच बघतोय
असं आम्ही सगळे मानू.

भिवरीच्या पठारावर वारा समोरून येतो.
तिथं एकामागे एक लागायचं,
पुढचा थकला की मागच्यानं पुढे व्हायचं.
आमच्या सोसायटीत पंप जळायचा तेव्हा
चार मजले पाणी असंच चढायचं,
हात भरून आला की बादली दुसऱ्याकडे,
आणि कोण कुठल्या मजल्यावरचा
हे त्याच दिवशी कळायचं.

सासवडला अंजिरं आली असतील.
पाटीवालीशी घासाघीस पानसे बाईंनी करावी,
घाई तिथं चालते.

आता इस्माईलभाईंचं.
हे सगळं त्यांना सांगितलं तेव्हा पान्याचा आवाज थांबला.
चाळीस वर्षं लोकांना घाट चढवतोय, म्हणाले,
मी स्वतः कात्रजच्या पुढं सायकलवर गेलो नाही.
कोपऱ्यात त्यांची काळी सायकल,
दोन्ही चाकं बसलेली,
कॅरियरवर रद्दीची थप्पी.
‘रविवारी दुकान असतं,’ म्हणाले.

मग थप्पी उचलून खाली ठेवली.
पंप घेतला.
मी काही बोललो नाही.
मागचं चाक हवा धरतंय का,
दोघं ऐकत राहिलो.